कोरडा खोकला, तळाला क्रेप्स आणि एक्स-रे ‘जवळजवळ नॉर्मल’: फायब्रोसिसचा संशय कधी घ्यायचा आणि पुढे काय?

सुदामानगर_जीपी (इंदूर)

नमस्कार मंडळी. जनरल प्रॅक्टिसमधला प्रश्न आहे, फुफ्फुसाच्या फायब्रोसिसबद्दल (फुफ्फुसात वण पडून ते आक्रसत जाणं). छातीवाल्यांनी आणि रेडिओलॉजीवाल्यांनी जरा सविस्तर लिहावं.

पेशंट ६४ वर्षांचे, कापडाच्या दुकानातून निवृत्त, विडी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडलेली. आठ महिने कोरडी ढास. ‘सीढ़ी चढ़ो तो दम भर जाता है’, एवढीच तक्रार. ताप नाही, वजन तसंच. इकडेतिकडे अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, डेरिफायलीन (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) झालं, मग इनहेलर, उपयोग शून्य. एका ठिकाणी ‘टीबीची औषधं सुरू करून बघू’ असं सांगितलंय, आणि थुंकी तर पडतच नाही. बसल्या जागी ऑक्सिजन ९६. एक्स-रेच्या रिपोर्टात दोन्हीकडे खालच्या भागात ‘ब्रॉन्कोव्हॅस्क्युलर मार्किंग्ज ठळक’, बाकी काही नाही. इको (हृदयाची सोनोग्राफी) ठीक. बीपीसाठी रॅमिप्रिल चालू. पाठीवर तळाला बारीक क्रेप्स (स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारी चरचर) आहेत असं वाटतं, पण खात्री होत नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. चेस्ट फिजिशियनकडे पाठवण्याआधी क्लिनिकमध्येच काय काय पक्कं करता येईल? मधल्या काळात स्टिरॉइड देऊन बघण्यात अर्थ आहे का? आणि एकदा निदान होऊन औषध लिहिलं गेलं, की पेशंट मळमळ, जुलाब, ऑक्सिजनचं मशीन हे सगळं घेऊन आपल्याकडेच येतो. तेव्हा नेमकं काय बघायचं?

छाती_ओपीडी

आधी कान. शर्ट-बनियन काढायला लावा, पेशंटला किंचित पुढे झुकवून बसवा आणि डायफ्राम पाठीच्या अगदी तळाशी टेकवा. तिथून बगलेच्या रेषेपर्यंत दोन्ही बाजूंनी ऐका. तोंड उघडं ठेवून सावकाश, खोल श्वास घ्यायला सांगा. दोन-तीन श्वास ऐकले की खोकायला सांगा आणि त्याच जागी परत ऐका. कफाचे आवाज खोकल्यावर हलतात, कमी होतात. फायब्रोसिसचे जागचे हलत नाहीत. ते श्वास आत घेण्याच्या शेवटाला येतात. बारीक, कोरडे, एकसारखे, बुटाची वेल्क्रोची पट्टी हळूहळू सोलावी तसे. हार्ट फेल्युअरमध्येही क्रेप्स तळालाच असतात, पण ते ओलसर वाटतात, सोबत पायावर सूज किंवा आडवं झाल्यावर धाप असते आणि फ्युरोसेमाइडने ते उतरतात. गर्दीच्या ओपीडीत शर्टावरून, ब्लाउजवरून ऐकलं जातं आणि नेमका हाच आवाज कापडाच्या खरखरीत हरवतो.

पन्नाशी-साठीच्या पुढचा माणूस, तीन महिन्यांवर कोरडा खोकला किंवा चढावर धाप, आणि दोन्ही तळांना हे क्रेप्स: एवढ्यावर एचआरसीटी (फुफ्फुसाचा पातळ कापांचा सीटी स्कॅन) लिहायला हरकत नाही. एक्स-रे नॉर्मल आहे म्हणून थांबू नका. सुरुवातीच्या फायब्रोसिसमध्ये एक्स-रे खुशाल नॉर्मल येतो, किंवा तुमच्याकडे आलाय तसा गुळमुळीत.

मग बोटं. दोन्ही हातांच्या तर्जन्यांची नखं एकमेकांना पाठमोरी भिडवा. मध्ये हिऱ्यासारखी छोटी फट दिसली पाहिजे. ती नाहीशी झाली असेल तर क्लबिंग, म्हणजे बोटांची टोकं फुगलेली. सगळ्यांना नसतं, त्यामुळे नसलं म्हणजे काही सिद्ध होत नाही. पण क्लबिंग नव्यानं आणि भराभर आलं असेल तर कॅन्सरही डोक्यात ठेवा.

तुमचा ‘बसल्या जागी ९६’ हा आकडा फसवा आहे. या आजारात ऑक्सिजन आधी चालताना घसरतो, बसल्यावर तासभर छान दिसतो. तीस मीटरचा मोकळा पॅसेज असेल तर सहा मिनिटांची चाल करून घ्या. क्लिनिकमध्ये जागा नसेल तर एक मिनिटाची उठबस पुरते: बिनहाताची साधी खुर्ची भिंतीला टेकवून, उंची साधारण ४६ सेंटिमीटर, हात कमरेवर. एका मिनिटात जमेल तितक्या वेळा पूर्ण उभं राहून बसायचं. ऑक्सिमीटर बोटातून काढायचा नाही आणि थांबल्यावर आणखी एक मिनिट आकडा बघत राहायचं, कारण सगळ्यात खालचा आकडा बऱ्याचदा थांबल्यानंतर येतो. ४ किंवा त्याहून जास्त अंकांची घसरण झाली तर ती खरी माना. आकडा ८० च्या खाली जाऊ लागला, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर ताबडतोब थांबवा. आणि सुरुवातीलाच ९० च्या खाली असेल त्याला हे करायला लावूच नका. नेलपॉलिश, गडद मेंदी आणि थंड बोटं आकडा बिघडवतात. बोट चोळून गरम करा, नाडीची लहर स्थिर झाली की मगच सुरुवात करा.

स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी) असेल तर एफव्हीसी (पूर्ण श्वास जोरात सोडल्यावर बाहेर येणारी एकूण हवा) कमी आणि एफईव्ही-१ (त्यातली पहिल्या सेकंदातली हवा) भागिले एफव्हीसी नॉर्मल किंवा उलट जास्त, ०.८०-०.८५ च्या पुढे, असं चित्र येतं. सीओपीडीमध्ये (विडी-धुरानं श्वासनळ्या अरुंद होण्याचा आजार) हेच गुणोत्तर ०.७० च्या खाली जातं. पण पेशंटनं अर्धवट फुंकर मारली की खोटी ‘रिस्ट्रिक्शन’ (फुफ्फुस आक्रसल्याचं चित्र) छापून येते. तीन स्वीकारण्याजोगे प्रयत्न हवेत, त्यातल्या सर्वोत्तम दोन एफव्हीसीमध्ये १५० मिलीपेक्षा जास्त फरक नको. आणखी एक खोच आहे: जुन्या विडीवाल्याला वर एम्फिसीमा (हवेच्या पिशव्या फुटून फुगलेलं फुफ्फुस) आणि खाली फायब्रोसिस असेल तर दोन्ही एकमेकांना झाकतात, स्पायरोमेट्री जवळपास नॉर्मल येते आणि ऑक्सिजन मात्र दहा पावलांत कोसळतो. अशा वेळी डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो याची तपासणी) लागतो, तो मोठ्या सेंटरवर.

औषधांची यादी स्वतः वाचा, पेशंटच्या सांगण्यावर जाऊ नका. अमिओडॅरोन, मेथोट्रेक्सेट, आधी घेतलेली केमो, आणि हमखास निसटणारं म्हणजे वारंवार लघवीच्या इन्फेक्शनसाठी महिनोन्‌महिने चाललेलं नायट्रोफ्युरँटॉइन. रॅमिप्रिल आजच बदलून टेल्मिसार्टन द्या, म्हणजे खोकल्याचा तेवढा गोंधळ तरी संपेल. सांधे सकाळी आखडणं, थंडीत बोटं पांढरी-निळी पडणं, डोळे-तोंड कोरडं, खुर्चीतून उठताना मांड्यांत जोर न उरणं, बोटांच्या कडांना भेगाळलेली खरखरीत कातडी: हे विचारायला आणि बघायला दोन मिनिटं लागतात आणि त्यातून संधिवाताच्या घराण्यातला आजार सापडतो. रक्तात सीबीसी, लिव्हर, क्रिएटिनिन, सीआरपी, आणि याच घराण्यासाठी आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, सीपीके आणि एएनए. एएनए इम्युनोफ्लोरेसन्सनेच करा.

टीबीबद्दल स्पष्ट सांगतो. ताप नाही, वजन घटलेलं नाही, वरच्या भागात काही नाही, दोन्ही तळांना क्रेप्स. अशा माणसाला निव्वळ एक्स-रेवरून सहा महिने औषधं देणं म्हणजे त्याची फुफ्फुसं सहा महिने वाऱ्यावर सोडणं. शंका असेलच तर ३ टक्के सलाइनच्या नेब्युलायझेशनने थुंकी काढून सीबीनॅट (थुंकीतला टीबीचा जंतू शोधणारी जनुकीय चाचणी) करा. मात्र ते मोकळ्या हवेशीर जागेत, आणि आधी सॅल्ब्युटॅमॉलचे पफ देऊन.

फिल्म_रूम

चिठ्ठीबद्दल लिहितो, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. ‘सीटी चेस्ट’ एवढंच लिहिलं तर काँट्रास्टसह जाड स्लाइसचा सीटी होऊन येतो. लिहा: एचआरसीटी चेस्ट, प्लेन, आयएलडी (फायब्रोसिसच्या घराण्यातले फुफ्फुसाचे आजार) प्रोटोकॉल, पूर्ण श्वास आत घेऊन, श्वास सोडून आणि पालथं झोपवून. स्लाइस १.५ मिमी किंवा त्याहून पातळ. पालथं कशासाठी, तर उताणं झोपल्यावर वजनानं तळाला येणारी धूसर झाक पालथं केल्यावर निघून जाते. फायब्रोसिस तिथेच राहतो. श्वास सोडलेले फोटो कशासाठी, तर हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसमध्ये (श्वासातून जाणाऱ्या बुरशी-पक्ष्यांच्या कणांच्या अ‍ॅलर्जीनं फुफ्फुसाला येणारी सूज) बारीक नळ्यांत हवा अडकते आणि फुफ्फुस नकाशासारखं काळं-करडं दिसतं. ते फक्त श्वास सोडल्यावर उठून येतं. हे फोटो घेतलेच नाहीत तर दोन आजारांत फरक करणं रिपोर्ट लिहिणाऱ्याला अवघड होतं.

चिठ्ठीवर वय, विडी-सिगारेट, पक्षी-कूलर-धूळ, चालू औषधं आणि क्रेप्स कुठे आहेत हे एका ओळीत लिहिलंत तर रिपोर्ट बदलतो, खरंच. काहीच नसलं की ‘ब्रॉन्किएक्टेसिस, जुन्या कॉक्सचे अवशेष’ (फुगलेल्या श्वासनळ्या, जुन्या टीबीच्या खुणा) असं छापून जातं. फायब्रोसिसमध्ये आजूबाजूची फुफ्फुसं आक्रसून नळ्या ओढल्या जातात. ते ट्रॅक्शन ब्रॉन्किएक्टेसिस, त्यात पू भरलेला नसतो आणि अँटिबायोटिकचं तिथे काही काम नसतं.

तळाला, प्लुराच्या (फुफ्फुसावरच्या पातळ आवरणाच्या) लगत, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ्यांचे थर आणि ओढलेल्या नळ्या दिसल्या तर तो यूआयपी पॅटर्न, म्हणजे सीटीवरचं फायब्रोसिसचं ठरावीक चित्र. साठीच्या पुढच्या माणसात दुसरं कारण सापडलं नाही तर आयपीएफ (कारण न सापडणारा फायब्रोसिस) म्हणायला बायोप्सी लागत नाही. वरच्या-मधल्या भागात जास्त, नळ्यांभोवती धूसर ठिपके, मध्ये हवा अडकलेली असेल तर हायपरसेन्सिटिव्हिटीकडे वळा.

फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नका. त्यावर काहीही वाचता येत नाही. सीडी किंवा डायकॉम लिंक जपून ठेवायला सांगा, दोन वर्षांनी तुलनेला तीच लागते.

आणि एक्स-रेवर ‘उजव्या वरच्या भागात फायब्रोटिक बँड्स’ असं आलं की घरचे गुगल करून रडारड करतात. तो बहुतेक वेळा जुन्या टीबीचा वण असतो. तो आजार वेगळा, आपण इथे बोलतोय तो वेगळा.

सुदामानगर_जीपी

खूप आभार. उठबस करून घेतली: ९६ वरून थेट ८९, आणि तेही थांबल्यानंतर अर्ध्या मिनिटानं. बनियन काढून ऐकलं, क्रेप्स पक्के, खोकल्यावर तसेच. घरची चौकशी केली तर मोठा डेझर्ट कूलर खिडकीला कायमचा बसवलेला, आणि गॅलरीत एसीच्या युनिटमागे कबुतरांचं बिऱ्हाड. त्याच्याशी संबंध जोडायचा का? पेशंट म्हणतात, ‘कूलर तो पूरे इंदौर में है.’

धार_कम्युनिटी_मेडिसिन

जोडायचा. भारतातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांतून जमवलेली एक रजिस्ट्री २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात आयएलडीचे १,०८४ पेशंट होते आणि पहिला नंबर आयपीएफचा नव्हता. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस ४७.३ टक्के, संधिवाताच्या घराण्यातले १३.९, आयपीएफ १३.७. आणि हायपरसेन्सिटिव्हिटीवाल्यांपैकी ४८.१ टक्क्यांकडे संपर्क सापडला तो एअर कूलरचा. कूलर सगळ्यांकडे असतो म्हणून त्यातल्या प्रत्येकाला कूलरनेच आजार झाला असं म्हणता येत नाही, हे कबूल. पण माळव्यातल्या ओपीडीत हा प्रश्न पहिल्या पाचांत हवा.

‘कूलर आहे का’ असं विचारून भागत नाही. टाकीत पाणी किती दिवस उभं राहतं? गवताचे पॅड मागच्या हंगामातलेच आहेत का? त्यावर काळे-हिरवे डाग? पाऊस सुरू झाल्यावर टाकी रिकामी करून वाळवली की तशीच झाकली? पेशंट झोपतो तो पलंग झोताच्या समोर आहे का? ओल्या गवतात बुरशी आणि उष्णतेत वाढणारे जिवाणू पोसले जातात आणि पंखा ते रात्रभर तोंडावर सोडतो.

पेशंट म्हणेल, ‘कूलर लावल्यावर खोकला वाढत नाही.’ त्यावर निर्धास्त होऊ नका. संपर्कानंतर चार ते आठ तासांनी ताप, थंडी, धाप हे अचानक उठणाऱ्या प्रकारात. वर्षानुवर्षं थोडं थोडं आत जात राहिलं तर असा काही संबंध जाणवत नाही, सरळ फायब्रोसिसच हाती लागतो.

कबुतरांचं तसंच. विष्ठा आणि पिसांवरची पांढरी पूड, दोन्हींतली प्रथिनं त्रास देतात. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत एवढं रण माजलं, त्यामागे हाच आजार होता. घरातला पोपट, पिसांची उशी किंवा रजई, पावसाळ्यात भिंतीला येणारी ओल, ओला भुसा, मंडीतली सोयाबीन-गव्हाची धूळ हेही विचारा. रक्तातलं आयजीजी (अँटिबॉडीचं) पॅनल नकारात्मक आलं तरी संपर्क नाही असं ठरत नाही. त्यात आपल्याकडच्या बुरशा असतातच असं नाही.

निदान हायपरसेन्सिटिव्हिटीचं झालं तर कूलर धुऊन परत लावणं पुरत नाही. काढायचा. कबुतरांसाठी जाळी, आणि वाळलेली विष्ठा आधी ओली करून मग खरवडायची, एन-९५ लावून, पेशंट त्या वेळी घरात नको. पक्षी गेल्यावरही त्यांचा अंश गाद्या-पडद्यांत महिनोन्‌महिने राहतो, म्हणून गॅलरीलगतच्या खोलीतली गादी, उशी, पडदे बदलायला सांगा. संपर्क तोडल्याशिवाय दिलेली गोळी फुटक्या माठात पाणी भरल्यासारखी.

आपल्या भागात एक वेगळी फाइल असते, ती निसटू देऊ नका: झाबुआ, अलीराजपूर, धारहून गोध्र्याच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत जाऊन आलेली तरुण माणसं, आणि मंदसौरच्या स्लेट-पेन्सिलीचे जुने कामगार. ते सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार. गाठी वरच्या भागात, वय तिशीचंही असू शकतं, आणि सिलिकामुळे टीबीचा धोका खरोखर वाढतो. त्यामुळे तिथे सीबीनॅटचा आग्रह धरायचाच. ‘क्या काम करते हो’ असं विचारू नका, आत्ताचं काम सांगतील. ‘पहले कहाँ-कहाँ काम किया, उसमें धूल कैसी थी’ असं विचारा.

छाती_ओपीडी

स्टिरॉइडच्या प्रश्नाकडे येतो. एचआरसीटीआधी नको, अगदी आठवड्यापुरतंही नको. आयपीएफमध्ये प्रेडनिसोलोन, अ‍ॅझाथायोप्रिन आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन ही तिकडी कित्येक वर्षं सर्रास दिली जायची. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ‘पँथर’ चाचणीत ती घेणाऱ्यांत मृत्यू आणि भरती दोन्ही जास्त निघाले आणि तो गट मध्येच बंद करावा लागला. नंतर नुसतं एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनही प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही. तरी त्या पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या आजही लिहिल्या जातात. पेशंटचे पैसे पाण्यातच विरघळतात.

हायपरसेन्सिटिव्हिटीत किंवा संधिवाताच्या घराण्यात सूज असेल तर स्टिरॉइडला जागा आहे, साधारण अर्धा मिलिग्रॅम प्रति किलोपासून, पण ते निदान ठरल्यावर आणि कमी करत नेण्याचा आराखडा हातात घेऊन. २० मिलिग्रॅम किंवा जास्त, महिनाभराच्या वर चालणार असेल तर न्यूमोसिस्टिस (प्रतिकारशक्ती दबल्यावर होणारा न्यूमोनिया) टाळायला को-ट्रायमॉक्साझोल, साखरेची तपासणी, कॅल्शियम-डी. बाहेरून आधीच सुरू करून आलेल्याचं मात्र एका दिवसात बंद करू नका.

आता फायब्रोसिसची दोन औषधं. पहिल्याच भेटीत पेशंटला आणि घरच्यांना एक वाक्य सांगून ठेवा: या गोळीनं दम कमी होणार नाही, खोकला जाणार नाही, फुफ्फुस आक्रसण्याचा वेग कमी होईल. हे सांगितलं नाही तर ‘फरक पडत नाही’ म्हणून दुसऱ्या महिन्यात गोळी बंद होते.

पिरफेनिडोन: पहिला आठवडा २०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दुसरा ४०० तीनदा, तिसऱ्यापासून ६०० तीनदा, सोसलं तर ८०० तीनदा, म्हणजे दिवसाला २४०० पर्यंत. गोळी जेवणाआधी नाही, नंतरही नाही. दोन घास पोटात गेल्यावर, जेवता जेवता. बहुतेकांची मळमळ एवढ्यानंच आटोक्यात येते. नाही आली तर एक पायरी खाली उतरा, दोन आठवडे थांबा, परत चढा. १४ दिवस किंवा जास्त खंड पडला तर पुन्हा २०० पासून. उन्हानं कातडी लाल होते, सोलते. आपल्या एप्रिल-मेमध्ये दहा ते चार बाहेर नको, पूर्ण बाह्या, टोपी, एसपीएफ ५० चं क्रीम. याच काळात डॉक्सिसायक्लिन लिहू नका, तेही कातडी उन्हाला हळवी करतं. सिप्रोफ्लॉक्सासिननं पिरफेनिडोनची पातळी वाढते, फ्लुवॉक्सामिननं तर फारच. लघवीच्या इन्फेक्शनला दुसरं काही निवडा, पण नायट्रोफ्युरँटॉइन नको! विडी चालू असेल तर औषधाची पातळी जवळपास निम्म्यावर येते.

लिव्हर टेस्ट आधी एकदा, मग सहा महिने दर महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी. एसजीपीटी (लिव्हरचं एन्झाइम) नॉर्मलच्या तिपटीवर गेलं पण बिलिरुबिन ठीक आणि त्रास नाही, तर डोस कमी किंवा तात्पुरता बंद, आणि आम्हाला फोन. तिपटीवर जाऊन सोबत कावीळ किंवा उलट्या, किंवा पाचपटीवर गेलं, तर बंद आणि परत सुरू करायचं नाही.

निन्टेडॅनिब: १५० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, बारा तासांच्या अंतरानं, जेवणासोबत. जुलाब अर्ध्याहून जास्त लोकांना होतात. पहिल्या पातळ शौचाला लोपेरामाइड ४ मिलिग्रॅम, मग प्रत्येक वेळी २, दिवसाला १६ च्या वर नाही, सोबत ओआरएस. नाही थांबलं तर खंड देऊन १०० दोनदा. इथे जीपीनं बघायची गोष्ट वेगळीच आहे: पेशंट बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि पाणी काढणारी गोळी घेतोय आणि वर जुलाब, क्रिएटिनिन चार दिवसांत चढतं. जुलाब थांबेपर्यंत त्या दोन्ही थांबवा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधीच कळवा. पुढे कधी टीबी निघालाच तर रिफॅम्पिसिन निन्टेडॅनिबची पातळी निम्मी करतं, हे टीबीवाल्यांना सांगावं लागेल.

दर तीन ते सहा महिन्यांनी एफव्हीसी, शक्यतो त्याच मशीनवर. २.४० लिटरवरून सहा महिन्यांत २.१० आली तर घट साडेबारा टक्क्यांची. ही फार मोठी, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. पासष्टीच्या आतला आणि बाकी धडधाकट पेशंट असेल तर फुफ्फुस प्रत्यारोपणाचं बोलणं निदानाच्या वेळीच काढा. ऑक्सिजन लागल्यावर चेन्नई-हैदराबादला पाठवलं तर उशीर झालेला असतो.

राजवाडा_एमडी

एका मुद्द्यावर वेगळं मत. कोविडनंतर सीटीत रेषा दिसल्या म्हणून पिरफेनिडोन सुरू झालेले पेशंट अजूनही तीच चिठ्ठी घेऊन येतात. त्यातल्या बहुतेकांच्या रेषा वर्षभरात आपोआप विरळ झाल्या असणार. त्यांचं एफव्हीसी आणि एक नवा एचआरसीटी बघितल्याशिवाय गोळी पुढे चालू ठेवू नये. वाढणारा फायब्रोसिस आणि न वाढणारा वण यांना एकच औषध लावण्यात फायदा औषधवाल्याचा.

छाती_ओपीडी

सहमत. त्यात एवढीच भर की बंद करण्याआधी जुना सीटी शेजारी ठेवून बघा. कोविडनं आधीचा फायब्रोसिस उघडा पाडला असेही काही निघतात.

रिहॅब_फिजिओ

ऑक्सिजन आणि व्यायामाबद्दल. स्थिर अवस्थेत, बसल्या जागी ८८ किंवा खाली, अथवा धमनीच्या रक्तात ऑक्सिजनचा दाब ५५ मिमी पारा किंवा खाली, तर दिवसाला किमान १५ तास ऑक्सिजन. फक्त चालताना घसरत असेल तर चालतानाच द्यायचा, आणि प्रवाह बसवताना पेशंटला चालवूनच बसवायचा. बसून २ लिटरवर ९५ दिसतं आणि संडासपर्यंत जाऊन आल्यावर ८२, हे रोजचं आहे. अशांना संडासला जाण्याआधीच ४ वर करायला शिकवा.

पाच लिटरचं काँसन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन) साधारण ३०० ते ४०० वॅट खातं. घरच्या इन्व्हर्टरला १५० अँपिअर-अवरची चांगली बॅटरी असेल आणि दुसरं काही चालू नसेल तर तीन-साडेतीन तास मिळतात. म्हणून बी-टाइप सिलिंडर घरात हवाच: त्यात सुमारे १,५०० लिटर, म्हणजे २ लिटरनं बारा तास. पाठीवर न्यायच्या छोट्या मशीनवरचे १-२-३ हे आकडे लिटर नसतात. दुकानदार काहीही सांगो, पेशंटला चालवून ऑक्सिमीटर लावूनच विकत घ्या. बाटलीत डिस्टिल्ड पाणी, फिल्टर दर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून. देवघरातला दिवा, उदबत्ती, गॅस यांपासून दोन-तीन मीटर लांब. सत्यनारायणाच्या दिवशी हमखास विसरतात.

तीन चेंडूंचं श्वास ओढायचं यंत्र आणि फुगे फुगवणं यानं फायब्रोसिस सुटत नाही, उलट ढास उठते. व्यायाम मांड्यांचा आणि चालण्याचा. आठवड्यातून दोन-तीनदा, सहा ते आठ आठवडे: खुर्चीवरून उठबस आठ-दहाचे दोन-तीन सेट, सपाट रस्त्यावर थांबत थांबत वीस मिनिटं चाल, ऑक्सिजन ८८ च्या खाली गेला की थांबा. धाप लागल्यावर चेहऱ्यासमोर छोटा हातपंखा धरला तर खरंच बरं वाटतं. 

लसींचं कुणी लिहिलं नाही. फ्लूची दरवर्षी. न्यूमोकोकलची पीसीव्ही-१३ आणि वर्षभरानं पीपीएसव्ही-२३. स्टिरॉइडसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर आठ आठवड्यांनीही चालते. पीसीव्ही-२० मिळाली तर एकच पुरे.

सुदामानगर_जीपी

शेवटचा एक. निदान झालेला पेशंट, चार दिवसांत धाप एकदम वाढली, रात्री फोन आला. घरी अँटिबायोटिक आणि डेक्साचं (स्टिरॉइडचं) इंजेक्शन देऊन सकाळपर्यंत थांबणं कितपत बरोबर? आणि खोकल्यानं झोपच येत नसेल तर?

छाती_ओपीडी

थांबायचं नाही. महिन्याभराच्या आत नव्यानं वाढलेली धाप आणि नेहमीच्या आकड्यापेक्षा चार अंकांची घसरण, किंवा ९० च्या खाली, म्हणजे अ‍ॅक्यूट एक्झॅसर्बेशन (आजाराचा अचानक भडका) धरून चाला. भरती झालेल्यांतले जवळपास निम्मे घरी परतत नाहीत, इतका तो वाईट असतो. एका बाजूला अचानक दुखलं असेल तर न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर हवा साचणं), पिंडरी सुजली असेल तर गुठळी, पायांना सूज असेल तर हृदय: हे तिन्ही घरीच दोन मिनिटांत बघता येतं, पण पाठवायचं तिन्हींत. ऑक्सिजन लावा, ९० च्या वर ठेवा, आणि ज्या हॉस्पिटलात रात्री सीटी होतो तिथेच गाडी वळवा.

घरच्यांशी व्हेंटिलेटरचं बोलणं या रात्री होत नाही, झालं तर धड होत नाही. ते तब्येत ठीक असताना, एफव्हीसीच्या एखाद्या भेटीत काढा आणि पेशंटला काय हवं ते फाइलवर लिहून ठेवा.

खोकल्यासाठी आधी एसीई इनहिबिटर (रॅमिप्रिलच्या गटातलं बीपीचं औषध) गेलाय ना ते बघा. आंबट ढेकर, जळजळ असेल तरच अ‍ॅसिडिटीची गोळी. तरी झोप नसेल तर कमी डोसचं मॉर्फिन, ५ मिलिग्रॅम सस्टेन्ड-रिलीज दिवसातून दोनदा. २०२४ मध्ये आलेल्या ‘पॅसिफाय कफ’ चाचणीत त्यानं आयपीएफमधला खोकला सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाला. सोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध हवं. मॉर्फिन ठेवायची परवानगी असलेल्या संस्थेतूनच ते मिळेल, त्यामुळे जवळचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर कुठलं ते आत्ताच शोधून ठेवा.

तुमच्या पेशंटची चिठ्ठी उद्याच लिहा. उठबशीतले ९६-८९ हे आकडे, कूलर-कबुतरं आणि रॅमिप्रिल बदलल्याची तारीख त्यावर असू द्या. एचआरसीटीत श्वास सोडलेले फोटो आलेत का ते सीडी घेतानाच काउंटरवर विचारायला सांगा. नसतील तर त्याच दिवशी काढून मिळतात, आठवड्यानं गेलं की नव्यानं पैसे भरावे लागतात.